प्रेरणा, नक्कल आणि पडद्यावरची मराठी



आजचा विषय आयोजकांनी दिला तो असा : ‘वेबसाइट घडवणाऱ्या मुलामुलींसाठी उपयुक्त साधनं आणि प्रेरणा’. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत हे काम करणारी तरुण मंडळी आता पुष्कळ आहेत. कुणी वालचंद कॉलेजात शिकलं, कुणी कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात, कुणी घरी बसून व्हिडिओ पाहून शिकलं. त्यांच्यासमोर तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकानं काय बोलायचं? कोड कसा लिहायचा हे आम्ही शिकवणार नाही. पण विषयात दोन शब्द आहेत, ‘साधन’ आणि ‘प्रेरणा’, आणि हे दोन्ही शब्द आमच्या शास्त्रात फार पूर्वीपासून वापरात आहेत. त्यांची आज काय अवस्था झाली आहे, त्याचं परीक्षण करायला आमची हरकत नाही.

आधी ‘साधन’. साधन हा शब्द एकटा उभा राहू शकत नाही, त्याला साध्य लागतं. विळा हे साधन आहे, पण कापणीचं. तोच विळा भिंतीवर टांगला तर तो शोभेचा. वेब डिझायनरांसाठी साधनांच्या ज्या याद्या फिरत असतात, म्हणजे शंभर मोफत फॉन्ट, पन्नास रंगसंगती, दोनशे चिन्हं, तीस तयार साचे, त्या वाचताना आमची पहिली तक्रार हीच असते की यात साध्य कुठे आहे? कोणासाठी, काय करायला, कोणत्या भाषेत? यादी करणाऱ्याला त्याची गरज वाटत नाही, कारण त्यानं भाषा इंग्रजी गृहीत धरलेली असते आणि वाचणारा चांगल्या यंत्रावर, चांगल्या नेटवर्कवर बसलेला आहे असंही गृहीत धरलेलं असतं. ही दोन्ही गृहीतकं आपल्याकडे लागू पडत नाहीत.

आता ‘प्रेरणा’. ड्रिबल, बिहॅन्स यांसारख्या ठिकाणी जगभरचे डिझायनर आपलं काम मांडतात. ते पाहणं वाईट नाही. चित्रकार संग्रहालयात जातो, तसंच ते आहे. पण तिथे तुम्हाला काय दिसतं? पानाचं एक चित्र. त्या पानावर कोण आलं, त्याला हवं ते सापडलं का, म्हाताऱ्या माणसाला अक्षरं वाचता आली का, स्वस्त मोबाइलवर ते पान किती वेळात उघडलं, यातलं काहीही दिसत नाही. सांगली ही नाट्यपंढरी, म्हणून इथल्याच भाषेत सांगतो : नाटकाची भिंतीवरची जाहिरात पाहून नाटकाचं परीक्षण लिहिण्यासारखं हे आहे. जाहिरात सुंदर असेल. तिसऱ्या अंकात काय झालं ते तिला माहीत नसतं.

याला एक चांगला अपवाद आहे आणि तो मुद्दाम सांगायला हवा. २००३ साली डेव्ह शे या कॅनडातल्या डिझायनरनं ‘सीएसएस झेन गार्डन’ नावाचा उपक्रम सुरू केला. मजकूर एकच, त्याची एचटीएमएल रचना एकच, तिला हात लावायचा नाही. फक्त सीएसएस, म्हणजे मांडणीचे नियम, बदलायचे आणि पान नव्यानं घडवायचं. जगभरातून लोकांनी आपापली मांडणी पाठवली. एकच मजकूर इतकी वेगवेगळी रूपं घेऊ शकतो हे त्या काळी अनेकांनी पहिल्यांदा पाहिलं. आपल्या परंपरेत याला समस्यापूर्ती म्हणतात. शेवटचा चरण ठरलेला, बाकीचे तुम्ही रचा. बंधन असतं म्हणूनच कौशल्य दिसतं. गॅलरीतल्या चित्रात बंधन दिसत नाही, म्हणून कौशल्य मोजताही येत नाही. हा उपक्रम प्रेरणा देतो असं आम्ही म्हणू, कारण तिथे नुसता परिणाम दिसत नाही, तो परिणाम कसा साधला तेही उघडून वाचता येतं.

नकलेचे चार प्रकार

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. प्रेरणा घेणं कुठे संपतं आणि नक्कल कुठे सुरू होते? हा प्रश्न वेबचा नाही, तो फार जुना आहे. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनानं ‘ध्वन्यालोका’च्या शेवटच्या उद्द्योतात तो सरळ मांडला. दोन कवींच्या रचनांत सारखेपणा येणारच. मग कोणता सारखेपणा दोषाचा आणि कोणता निर्दोष? त्यानं तीन प्रकार केले. एक, प्रतिबिंबासारखा. दुसरा, चित्रासारखा. तिसरा, एकसारख्या दिसणाऱ्या दोन देहांसारखा. आरशातल्या प्रतिबिंबाला स्वतःचा आत्मा नाही, म्हणून ते सोडावं. चित्राला जे काही स्वत्व आहे ते क्षुल्लक, म्हणून तेही सोडावं. पण दोन माणसं चेहऱ्यानं सारखी असली म्हणून ती एकच आहेत असं कुणी म्हणत नाही. प्रत्येकाचा प्राण वेगळा असतो, म्हणून हा तिसरा सारखेपणा चालतो.

पुढे दहाव्या शतकाच्या आसपास राजशेखरानं ‘काव्यमीमांसे’त या तिन्हींना चौथा प्रकार जोडला : परपुरप्रवेशासारखा. योगी जसा दुसऱ्याच्या शरीरात प्रवेश करतो, तसं मूळ तत्त्व एकच, पण त्याला मिळालेलं शरीर पूर्ण वेगळं. हा राजशेखर आपल्या पणजोबाचा उल्लेख ‘महाराष्ट्रचूडामणी’ असा करतो, म्हणजे थोडा आपलाच म्हणायला हरकत नाही.

हे चार प्रकार वेबसाइटला लावून पाहा. इतकं नेमकं बसतं की आश्चर्य वाटावं.

प्रतिबिंब म्हणजे विकत घेतलेला साचा, वरचं नाव बदललं की झालं. सांगलीच्या हळद व्यापाऱ्याची साइट आहे असं समजा. पहिल्या पानावर कोटटाय घातलेली परदेशी माणसं हस्तांदोलन करताहेत, मागे काचेच्या उंच इमारती. हळद कुठे आहे? सौदे कुठे आहेत? खालच्या कोपऱ्यात कुणी न बदललेला लॅटिन मजकूरही सापडतो, ‘लोरेम इप्सम’. हा मजकूर कुठून आला ते पुष्कळ डिझायनरांना ठाऊक नसतं. तो सिसेरो या रोमन तत्त्वचिंतकाच्या नीतिशास्त्रावरच्या एका ग्रंथाचा मोडतोड केलेला तुकडा आहे. मूळ शब्द ‘दोलोरेम’, म्हणजे दुःख. त्याचा पहिला तुकडा गळाला आणि ‘लोरेम’ उरलं. सुख आणि दुःख यांविषयीचा गंभीर विचार हळदीच्या साइटवर जागा भरायला बसला आहे.

चित्र म्हणजे तोच साचा, पण निळ्याचा केशरी केला, गोल बटणांची चौकोनी केली. थोडी मेहनत झाली, पण विचार झाला नाही.

एकसारखे देह म्हणजे काय? एसटीचं वेळापत्रक घ्या. जगातलं कुठलंही वेळापत्रक त्याच्यासारखंच दिसेल : गाव, वेळ, फलाट. यात नक्कल नाही. गरज सारखी म्हणून रूप सारखं. काही नव्या मुलांना वाटतं की प्रत्येक पान कधीच न पाहिलेलं असलं पाहिजे, म्हणून ती वेळापत्रकालाही सरकणारी चित्रं लावतात. हा उलट दिशेचा दोष आहे. ज्याला सातची गाडी पकडायची आहे त्याला नावीन्य नको असतं.

आणि परपुरप्रवेश? तो दाखवायला आम्हाला दूर जावं लागत नाही. तो आपल्या दोन जिल्ह्यांतच आहे.

घराजवळची साधनं

वाईला चला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी ज्या मराठी विश्वकोशाची उभारणी केली, त्याचं काम कृष्णाकाठच्या वाईतून चाललं. पहिला खंड १९७६ साली आला. विश्वकोशाचं कोणतंही पान उघडा. मजकुरात मध्येच एखाद्या शब्दाआधी छोटा बाण छापलेला दिसेल. त्याचा अर्थ, या शब्दावर स्वतंत्र नोंद आहे, तिकडे जा. मित्रहो, हा दुवा आहे. तुम्ही ज्याला लिंक म्हणता तो. कागदावर, खिळ्यांच्या छपाईत, बोट ठेवलं तरी पान उलटत नव्हतं, पण विचार तोच होता. ज्ञान तुकड्यांत लिहायचं आणि तुकडे एकमेकांना बांधायचे. आज त्याच नोंदी संकेतस्थळावर वाचता येतात. तत्त्व तेच, शरीर नवं. हाच परपुरप्रवेश.

आणि यातून शिकण्यासारखं काय? विश्वकोशात प्रत्येक शब्दाला बाण नाही. जिथे वाचकाला खरोखर पुढे जावंसं वाटेल तिथेच आहे. त्याच्या शेजारी आजच्या मराठी साइटवरचं ‘येथे क्लिक करा’ ठेवून पाहा. ‘येथे’ म्हणजे कुठे? पाहू न शकणारा माणूस यंत्राकडून पान वाचून घेतो, तेव्हा त्याला नुसत्या दुव्यांची यादीही ऐकता येते. ती यादी अशी येते : येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा. विश्वकोशाच्या संपादकांनी असा दुवा कधी दिला नसता. त्यांचा दुवा म्हणजे विषयाचं नावच असे.

आता मिरजेला या. पुण्यात नाना फडणवीसांच्या काळात एका तांबटाकडून तांब्याच्या पत्र्यांवर भगवद्गीता कोरून छापण्याचं काम सुरू झालं. इंग्रज वकील मॅलेट याच्या संपर्कातून ही कला त्या तांबटाला अवगत झाली होती. नाना १८०० साली वारले, काम अर्धवट राहिलं आणि पुढे मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयानं ते १८०५ साली पुरं झालं. देवनागरी मुद्रणाच्या इतिहासात मिरजेचं नाव त्यामुळे लागलं. हे काम थोरच आहे. पण त्याची मर्यादा लक्षात घ्या. अख्खं पान एका पत्र्यावर कोरलेलं. एक अक्षर चुकलं तरी ते सुटं काढून बदलता येत नाही. त्या पत्र्याची अक्षरं दुसऱ्या पुस्तकाला उपयोगी पडत नाहीत.

सुटे खिळे आले तेव्हा हे बदललं. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यानं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवनागरी खिळ्यांना जे देखणं आणि शुद्ध वळण दिलं, त्यावर आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्या वाचायला शिकल्या. सुटा खिळा म्हणजे अक्षर स्वतंत्र झालं. ते उचलता येतं, हलवता येतं, पुन्हा वापरता येतं.

आता आमचा आक्षेप ऐका. आज २०० वर्षांनंतर मराठी संकेतस्थळांवर मजकुराचं चित्र करून टाकलं जातं. सूचना, निविदा, परिपत्रक, कार्यक्रमपत्रिका, सगळं एकेक चित्र, नाहीतर स्कॅन केलेली फाइल. म्हणजे आपण सुट्या खिळ्याकडून पुन्हा तांब्याच्या पत्र्याकडे गेलो. मिरजेच्या तांबटाकडे दुसरा उपाय नव्हता. आपल्याकडे आहे.

तिसरं ठिकाण किर्लोस्करवाडी. १९१० साली औंध संस्थानच्या माळावर कारखाना उभा राहिला. लोखंडी नांगर करणाऱ्या त्या कारखान्यातून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं, त्याचंच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. मग १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’. शंकरराव किर्लोस्कर, म्हणजे शं. वा. कि., स्वतः चित्रकार आणि व्यंगचित्रकार होते. रेल्वे स्टेशनजवळच्या एका वाडीतून महाराष्ट्रभर जाणारी मासिकं निघाली, ती मुखपृष्ठापासून मांडणीपर्यंत विचार करून काढलेली होती. इथे आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते हे की वाचक कोण, हे तिथल्या संपादकाला ठाऊक होतं. ‘स्त्री’ कोणासाठी आणि ‘मनोहर’ कोणासाठी हे वेगळं ठरवलेलं होतं, म्हणून ती वेगळी दिसत. तुमच्यापैकी किती जणांनी पान आखायच्या आधी त्या पानाच्या एका वाचकाशी बोलून घेतलं आहे?

आणि चौथं औंध. भवानराव पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार असलेले राजे. त्यांनी १९३८ साली उभारलेल्या संग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, हेन्री मूरचं ‘माय-लेकरू’ हे शिल्प आहे आणि नामवंत पाश्चात्त्य चित्रांच्या नकलाही आहेत. त्या नकला म्हणूनच तिथे आहेत, बघून शिकण्यासाठी. शिकताना नक्कल करावी, ती नक्कल आहे असं सांगावं आणि आपल्या सहीनं विकू नये. इतका साधा नियम पाळला तर वेबवरची निम्मी भांडणं मिटतील.

याच औंधात पंडित सातवळेकरांनी स्वाध्याय मंडळातून वेदसंहिता छापल्या. वेदाच्या मजकुरात अक्षराखाली आडवी रेघ आणि अक्षरावर उभी रेघ येते, अनुदात्त आणि स्वरित दाखवायला. एका छोट्या गावातल्या छापखान्यानं ही स्वरचिन्हं सांभाळली. ती चिन्हं आज युनिकोडमध्ये आहेत. त्या काळी वाकडीतिकडी छपाई खपून गेली असती, पण त्यांनी ती खपवली नाही. साधन अपुरं असताना शुद्धतेचा आग्रह धरायचा, ही आम्ही प्रेरणा समजतो.

देवनागरीची कसोटी

आता थोडं कामाचं. मराठी पान घडवणाऱ्यानं ज्या चार-पाच गोष्टी पाहायला हव्यात त्या सांगतो. यात आमचा शोध काही नाही. जाणकारांकडून समजून घेतलेलं आणि स्वतः पानं उघडून पडताळलेलं हे आहे.

वेबच्या सुरुवातीच्या काळात मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळं आपापला वेगळा फॉन्ट वापरत. ‘क’च्या जागी आत इंग्रजी अक्षर किंवा दुसरंच चिन्ह. फॉन्ट नसेल तर पडद्यावर अक्षरशः कचरा. तो काळ युनिकोडनं संपवला. देवनागरीचा युनिकोड आराखडा १९८८ सालच्या आपल्या भारतीय प्रमाणकावर, ‘इस्की’वर बेतलेला आहे. मग विंडोजबरोबर ‘मंगल’ फॉन्ट घरोघरी आला. तो आर. के. जोशी यांनी घडवला. लोक आजही ‘मंगलमध्ये टाइप कर’ असं म्हणतात, एवढा तो रुळला. पण मंगल त्या काळच्या अंधूक पडद्यांसाठी उपयोगी होता. आज एकटाइप संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’, राज्य मराठी विकास संस्थेनं उपलब्ध करून दिलेला ‘यशोमुद्रा’, टायरो टाइपवर्क्सचा ‘टायरो देवनागरी मराठी’ असे कितीतरी चांगले फॉन्ट मोफत मिळतात. साधनांचा दुष्काळ संपला आहे. विवेकाचा संपलेला नाही. बलू हे गुबगुबीत, हसरं अक्षर. मुलांच्या गोष्टीला शोभतं. त्यात श्रद्धांजली छापली की कसं दिसतं ते आम्ही पाहिलं आहे.

‘ल’ आणि ‘श’ यांचं मराठी वळण हिंदीहून वेगळं. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयानं मराठी वर्णमालेची रूपं प्रमाण करून दिली. अनेक फॉन्टांत दोन्ही वळणं असतात, पण पान मराठीत आहे हे तुम्ही ब्राउझरला सांगितलं नाही तर तो हिंदी वळण दाखवतो. पानाच्या पहिल्याच ओळीत भाषा ‘एमआर’ अशी नोंदवायची, एवढंच काम. एका शब्दाचं. मराठी मजकुरावर भाषा इंग्रजी म्हणून नोंदवलेली पानं आम्ही मोजायची सोडून दिली.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजीत ते डौलदार दिसतं, आपल्याकडे शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे दात पडल्यासारखे दिसतात. ओळींमधलं अंतर मात्र वाढवा. ‘मूर्तींना’ हा शब्द घ्या. ‘र्तीं’मध्ये रफार, दीर्घ वेलांटी आणि अनुस्वार तिघंही डोक्यावर बसलेले. इंग्रजीच्या मापानं ओळ ठेवली की वरचा अनुस्वार कापला जातो किंवा वरच्या ओळीतल्या उकाराला धडकतो. आणि पान आखताना ‘लोरेम इप्सम’ वापरू नका. ‘सांगली मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिका’ हे नाव वापरा. तुमच्या मेनूत हे बसलं तर काहीही बसेल. सोबतीला ‘वाङ्मय’, ‘उद्ध्वस्त’, ‘कर्तृत्व’ आणि ‘ऱ्हास’ असू द्या.

‘ऱ्हास’वरून सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मराठीतला हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखेच. यंत्राला ते दोन वेगळे शब्द. आता ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द आठवा. शासनाच्या, बँकेच्या, बाजार समितीच्या प्रत्येक साइटवर तो असणार. पानावर एका तऱ्हेनं लिहिला असेल आणि शोधणाऱ्यानं दुसऱ्या तऱ्हेनं टाइप केला असेल, आणि शोध घेणाऱ्या प्रणालीनं दोन्ही रूपं एक मानण्याची सोय केली नसेल, तर उत्तर येतं : काहीही सापडलं नाही. योजना आहे, पान आहे, शब्द आहे, आणि शेतकऱ्याला तो सापडत नाही. ही दुरुस्ती कुठल्याही प्रेरणेच्या गॅलरीत दिसणार नाही, कारण तिचं चित्र काढता येत नाही. पण मराठी वेबसाइट घडवणाऱ्याचं कौशल्य आम्ही इथे मोजू.

पुराचं पाणी आणि एक ओळ

हे सगळं बारीकसारीक वाटत असेल तर आपली नदी आठवा. कोयना धरण साताऱ्यात, साठवण सुमारे १०५ टीएमसी. तिथून सोडलेलं पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि काही तासांनी सांगलीच्या आयर्विन पुलाखाली येतं. त्या पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. त्या दिवसांत प्रत्येक घर एकच गोष्ट विचारत होतं : आत्ता पातळी किती आणि कोयनेतून किती सोडलं?

हिशेब करू. ‘आयर्विन पूल : ४५ फूट, सकाळी ८’ अशी दोनशे अक्षरांची सूचना मजकूर म्हणून पाठवली तर युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत एका देवनागरी अक्षरचिन्हाला ३ बाइट, म्हणजे साधारण ६०० बाइट. तीच सूचना पक्ष-पदाधिकाऱ्यांच्या फोटोसकट रंगीत चित्र करून पाठवली तर काही लाख बाइट. वीज गेलेली, टॉवर अर्धे बंद, मोबाइलला चार्जिंग थोडं. यातलं काय पोहोचेल? पोहोचलं तरी अंध माणसाला चित्र वाचून दाखवता येत नाही. ते शोधात येत नाही. आणि कालचं चित्र आज पुन्हा फिरू लागलं तर त्यावर वेळ नसल्यानं नव्यानं घबराट होते.

आमच्या मते या दोन जिल्ह्यांत वेब डिझायनरची खरी परीक्षा या पानावर आहे. एक ओळ, मोठ्या अक्षरात, वेळेसकट. फॉन्ट उतरेपर्यंत पान कोरं ठेवू नका, यंत्रात आहे त्या अक्षरात मजकूर आधी दिसू द्या. शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ पासून मार्गदर्शक तत्त्वं आहेत, दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. नियम आहेत. ते वाचून काम करणारे हात हवेत, आणि ते हात तुमचे आहेत.

शेवटी प्रेरणेविषयी एकच. मम्मटानं काव्याचं कारण सांगताना तीन गोष्टी एकत्र घेतल्या : शक्ती, निपुणता आणि अभ्यास. शक्ती जन्मजात, तिच्यावर आपला इलाज नाही. अभ्यास जाणत्याच्या हाताखाली. आणि मधली निपुणता येते ती लोक, शास्त्र आणि काव्य पाहून. या क्रमात लोक पहिले आहेत, इतरांच्या रचना नंतर. आजच्या ‘प्रेरणे’नं हा क्रम उलटा केला आहे : आधी दुसऱ्यांची पानं, मग जमलं तर तंत्र, आणि लोक शेवटी, तेही ‘यूजर’ या नावाखाली. हा क्रम सरळ करा, एवढंच आमचं म्हणणं.

प्रश्नोत्तरे

श्रोता : सर, गिऱ्हाईकच म्हणतं, अमक्यासारखी साइट करून द्या. मग आम्ही काय करायचं?

उत्तर : गिऱ्हाइकाशी वाद घालू नका. त्याला तीन प्रश्न विचारा. तुमच्याकडे फोन येतात तेव्हा लोक पहिल्यांदा काय विचारतात? त्यातलं काय त्या साइटवर आहे? आणि तुमच्या आईला तिथे तुमचा पत्ता सापडेल का? बहुतेक वेळा माणूस स्वतःच म्हणतो की पहिल्या पानावर दर आणि फोन नंबर टाका. त्याला ‘अमक्यासारखी’ म्हणजे ‘अमक्याइतकी प्रतिष्ठेची’ म्हणायचं असतं. प्रतिष्ठा शुद्धलेखनातूनही मिळते हे त्याला दाखवा.

श्रोता : आता तर एआय दोन मिनिटांत पान करून देतं. मग आम्ही शिकायचं कशासाठी?

उत्तर : आनंदवर्धनाची कसोटी लावा. आजवर झालेल्या असंख्य पानांवरून यंत्र एक पान देतं. तुम्ही जवळ काहीच आणलं नसेल तर ते प्रतिबिंब असेल, आणि तेही बहुतेक इंग्रजी पानांचं. पण तुम्ही बाजार समितीत दोन दिवस बसून आलात, अडत्याला काय हवं आणि शेतकऱ्याला काय हवं ते लिहून आणलंत, तर तेच यंत्र उत्तम हरकाम्या आहे. त्यानं दिलेलं पान घ्या आणि त्यात ‘शेतकऱ्यांना’ दोन्ही तऱ्हांनी शोधून पाहा. दोन्ही वेळा सापडलं तर ठेवा. नाही सापडलं तर का नाही, हे कळण्यासाठी शिकायचं.

श्रोता : सुरुवात कुठून करावी?

उत्तर : आपल्या ग्रामपंचायतीची, नाहीतर गावच्या वाचनालयाची एक सूचना घ्या, जी आज चित्र म्हणून फिरते आहे. तिचं मजकुराचं एक पान करा. भाषा मराठी म्हणून नोंदवा, तारीख आणि वेळ घाला, सर्वांत जुन्या मोबाइलवर उघडून पाहा आणि मग ज्याला कमी दिसतं अशा एका माणसाला वाचायला द्या. तो जे बोलेल ते लिहून घ्या. पुढच्या वेळी भेटाल तेव्हा तो कागद सोबत आणा, त्यावर बोलू.